लेफ्ट मॅडम

लेफ्ट मॅडम कोणावर रागावत नसत. राग यायला समोरच्याकडून काहीतरी अपेक्षा असावी लागते, आणि बालाघाटच्या रस्त्यावर चालणाऱ्या एकाही माणसाकडून त्यांना अपेक्षा उरली नव्हती. चुकीच्या बाजूनं मोटारसायकल घेऊन कोणी अंगावर आला, की त्या सायकल थांबवायच्या, एक पाय जमिनीवर टेकवायच्या आणि चपलेच्या तळाला काय चिकटलं ते पाहावं तसं त्याच्याकडे पाहायच्या. मग शांतपणे म्हणायच्या, "जा बाबा. तुले घाई हाय. वरती वाट पाहून राह्यले."

आमच्या कन्याशाळेत त्या खेळाच्या शिक्षिका होत्या. मैदानावर लेफ्ट-राइट करवून घ्यायच्या, पण शाळेच्या फाटकाबाहेर पडल्या की त्यांच्या तोंडी राइट नसे, नुसतं "लेफ्ट! ए पोरी, लेफ्ट!" एवढंच. त्यामुळे खरं नाव पगारापुरतं उरलं आणि गावभर त्या लेफ्ट मॅडम झाल्या. लग्न केलं नव्हतं. आमच्याच गल्लीत धाकट्या भावाच्या, मनोहरकाकांच्या घरात राहायच्या. काकूंची तब्येत पहिल्यापासून नाजूक, म्हणून काकांचा मुलगा बंटी हा मॅडमच्याच हातचा. त्याला अंघोळ घालण्यापासून सायकल शिकवण्यापर्यंत सगळं त्यांनी केलं होतं.

मी नववीत असताना आमच्या वर्गातल्या खेड्यावरच्या मुलींना सरकारकडून सायकली मिळाल्या. हार घातले गेले, फोटो निघाले, पाहुणे समोसे खाऊन गेले. दुसऱ्या दिवशी निम्म्या सायकलींचे ब्रेक लागत नव्हते आणि घंट्या नुसत्या शोभेच्या होत्या. मॅडमनी एकाही मुलीला सायकल घरी नेऊ दिली नाही. आधी प्रत्येकीला पाना धरायला लावला. मग आठवडाभर आम्ही त्या सायकली हातात धरून मैदानावर नुसत्या फिरवत होतो. कुंपणाबाहेरून पोरं हसायची. मॅडम म्हणायच्या, "पहिले सायकल धरून उभं राहाले शिका. उभं राहता येत नाई आन् चालल्या लालबर्र्याले."

त्यांनी शिकवलेलं वळणं मला आजही पाठ आहे. मागे पाहा, हात दाखवा, पुन्हा मागे पाहा, मगच वळा. एका मुलीनं विचारलं, एकदा हात दाखवल्यावर पुन्हा काहून पाहाचं? मॅडम म्हणाल्या, "काऊन की मागच्याले तुहा हात दिसते, पण समजत नाई. त्याले वाटते पोरगी टाटा करून राह्यली." पायी चालणाऱ्यानं समोरची गाडी दिसेल अशा बाजूनं चालावं, पण सायकल ही गाडी आहे, ती डावीकडूनच चालायची, हा फरक त्या भल्याभल्यांना समजावून सांगत. म्हणजे समजावत नसत. सांगून मोकळ्या होत. समजेल अशी त्यांना आशाच नव्हती.

एकदा एका मुलीच्या वडिलांनी शाळेत येऊन हुज्जत घातली. त्यांची मुलगी समोर एक आणि मागे एक अशा दोन बहिणींना बसवून येत होती आणि मॅडमनी तिघींना फाटकाबाहेर उतरवून चालायला लावलं होतं. वडील म्हणाले, "मॅडम, साइकिल का कोई चालान थोड़ी कटता है! लाइसेंस भी नहीं लगता."

"हौ," मॅडम म्हणाल्या, "पावती नाई फाटत, डोकं फाटते. लायसन नाई लागत, पण अक्कल लागते. म्हणूनच गावात सायकलवाले कमी होऊन राह्यले."

चौकातला लाल दिवा सुरू असला तर थांबणाऱ्या त्या एकट्याच. त्यांच्या दोन्ही बाजूंनी ई-रिक्षा, मोटारसायकली, भाजीच्या गाड्या, कानाला मोबाईल लावून मान वाकडी करून जाणारे शूरवीर, सगळे वाहत जायचे आणि मधोमध साडी कमरेला खोचलेली एक बाई सायकल धरून उभी. एकदा चौकातल्या शिपायालाच संकोच वाटला. म्हणाला, "मॅडम, आप निकल जाओ ना, साइकिल को कौन रोकता है?" मॅडमनी आधी दिव्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "मले लाल दिसते," त्या म्हणाल्या. "तुमाले कोणता दिसते?" शिपाई त्या दिवसापासून त्यांना पाहिलं की पाठ फिरवून उभा राहायचा. रस्त्यात बसलेल्या गाईंविषयी मात्र त्या कधी वाईट बोलल्या नाहीत. म्हणायच्या, गाय बरी. ती कुठं बसणार आहे ते निदान माणसाला आधी कळतं.

निवृत्त झाल्यावरही त्या रोज सकाळी लालबर्रा रोडनं सायकलवर फिरून यायच्या. तिथं त्यांना दुलीचंद भेटे. हा राइस मिलमधला हमाल. त्याच्या सायकलला घंटी नव्हती, मागचा ब्रेक नव्हता. थांबायचं असलं की तो चपलेचा तळ चाकाला लावायचा. मॅडमच्या तिरस्काराला असा माणूस आयता मिळाला होता. रोज त्याला मागे टाकताना त्या काहीतरी ऐकवून जात. एकदा तर त्यांनी स्वतः आणलेला लाल रिफ्लेक्टर त्याच्या हातावर ठेवला. तो त्यानं घरी नेऊन पोरीला खेळायला दिला. मॅडमनी दुसरा दिला नाही. मला म्हणाल्या, "याले वाचवाची माही इच्छाच मेली."

त्यानंतरच्या हिवाळ्यात एका सकाळी रस्त्यावर दाट धुकं होतं. दुलीचंद पुढे चालला होता आणि मॅडम त्याच्या थोड्याच मागे होत्या. समोरून एक ट्रॅक्टर-ट्रॉली येत होती, आणि ट्रॉलीला ओलांडायला म्हणून एक पांढरी गाडी भरधाव उजवीकडे, म्हणजे दुलीचंदच्या बाजूला घुसली. आवाज झाला. सायकल शेतात गेली, दुलीचंद रस्त्याच्या कडेला पडला आणि त्याचा पाय गुडघ्याखाली नको तसा वळला. पांढरी गाडी थोडं पुढे जाऊन मॅडमच्या जवळच थांबली. काच खाली झाली. चालवणाऱ्यानं मागे पाहिलं, मग मॅडमकडे पाहिलं. काच वर गेली आणि गाडी निघून गेली.

गाडी मॅडमच्या घरासमोर रोज उभी राहायची. चालवणारा बंटी होता.

मॅडमनी रस्त्यात आडवं उभं राहून एक टेम्पो थांबवला, दुलीचंदला त्यात घातलं आणि जिल्हा रुग्णालयात नेलं. तिथंच पोलिसांना जे पाहिलं ते सांगितलं, गाडीच्या नंबरासकट. दुपारी त्या घरी आल्या तेव्हा साडीला रक्त होतं. माझ्या आईनं मला चहा घेऊन त्यांच्याकडे पाठवलं होतं, म्हणून पुढचं बोलणं मी माझ्या कानांनी ऐकलं.

मनोहरकाका ओरडत नव्हते. ते विनवत होते. "ताई, तूच तर त्याले रोज बोलत होती. घंटी नाई, ब्रेक नाई, रिफ्लेक्टर नाई. तेवढंच सांगाचं हाय. खोटं कुठं सांगाले लावून राह्यलो आमी?"

"सांगते ना," मॅडम म्हणाल्या. "हे सगळं सांगते. आन् तो आपल्या साइडनं चालला होता, तेही सांगते."

"अवं, धुकं होतं. रिफ्लेक्टर असता तं दिसला असता पोराले."

"मनोहर, रिफ्लेक्टर मागं लागते. तुहा पोरगा समोरून आला."

काकू भिंतीला टेकून रडत होत्या. बंटी दारातच उभा होता. तो हळूच म्हणाला, "आत्या, मी तुह्या हातावर वाढलो ना."

"हौ," मॅडम म्हणाल्या. "म्हणूनच लाज वाटून राह्यली."

त्यांनी माझ्या हातातला चहा घेतला, सगळा प्यायल्या आणि साडी बदलायला आत गेल्या.

कोर्टात साक्षीची तारीख लागेपर्यंत बराच काळ गेला. तेवढ्या काळात त्या घरात मॅडमशी कोणी बोललं नाही. जेवायला बोलावत नसत; ताट झाकून ठेवलेलं असे. नातलगांनी येऊन समजावलं, रागावलं, विहारातल्या वडीलधाऱ्यांनी मध्यस्थी करून पाहिली. घरचं पोरगं आहे, वय कोवळं आहे, हमाल काही मेला नाही, असं सगळ्यांचं म्हणणं. मॅडम ऐकून घेत आणि शेवटी विचारत, "तो डाव्या अंगानं होता का नोयता?" मग आलेले लोक चपला शोधू लागत.

साक्षीच्या दिवशी मी कोर्टात गेले होते. बंटीचा वकील हुशार होता. त्याला गावभर पसरलेली मॅडमची कीर्ती ठाऊक होती आणि तीच तो त्यांच्यावर उलटवू पाहत होता.

"मॅडम, साइकिल में घंटी थी?"

"नहीं थी."

"पीछे का ब्रेक?"

"नहीं था."

"आप उसे रोज बेअक्कल बोलती थीं, ये सही है?"

"सही है. आज भी बोलती हूँ. वो बैठा है, पूछ लो."

लोक हसले. वकीलही हसला आणि त्याला वाटलं, जिंकलो. "तो फिर गलती उसी की हुई ना?"

मॅडमनी मैदानावर उशिरा आलेल्या मुलीकडे पाहावं तसं त्याच्याकडे पाहिलं. "बेअक्कल आदमी को कुचलने की छूट किस कानून में लिखी है, वकील साहब? वो पढ़ के सुनाइए. वो अपनी बाईं तरफ था. गाड़ी अपनी तरफ नहीं थी. और मारने के बाद रुकी, देखा, और भाग गई. चलाने वाला मेरा भतीजा है. और कुछ पूछना है?"

वकील खाली बसला.

बंटी दोषी ठरला. त्याचं लायसन काही काळासाठी गेलं, शिक्षा भोगून तो बाहेर आला. दुलीचंदच्या पायात सळई बसली. पोती उचलणं कायमचं संपलं आणि मिलवाल्यानं त्याला फाटकावर बसायचं काम दिलं. माणसाची जात पाहा: दुलीचंदला मॅडमचे उपकार वगैरे काही वाटले नाहीत. त्याला राग आला होता. मिलच्या फाटकावर बसून तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "भरी कचहरी में मेरे को बेअक्कल बोली वो." हे मी मॅडमच्या कानावर घातलं, तेव्हा कितीतरी महिन्यांनी त्या मोठ्यानं हसल्या. "पाहाय," म्हणाल्या, "म्हटलं होतं ना मी!"

निकालानंतर त्यांनी स्वतःहून घर सोडलं. कोणी जा म्हटलं नव्हतं आणि थांबही म्हटलं नाही. कटंगीला त्यांची एक जुनी सहकारी शिक्षिका एकटी राहायची, तिच्याकडे त्या गेल्या. बसस्टँडवर सोडायला मी होते. त्यांची सायकल बसच्या टपावर चढवताना कंडक्टरनं कुरकुर केली, तर त्यांनी आधी बसच्या मागच्या फुटलेल्या दिव्याकडे बोट दाखवलं. कंडक्टरनं सायकल वर ओढून घेतली. मला म्हणाल्या, "तू येत जा. पण त्या फटफटीवाल्याच्या मागं बसून नको येऊ." फटफटीवाला म्हणजे माझा नवरा.

मी जात राहिले, बसनं. त्या कटंगीतही बदलल्या नाहीत. बाजाराच्या दिवशी ओट्यावर खुर्ची टाकून बसायच्या आणि रस्त्यावरून जाणाऱ्या अख्ख्या मनुष्यजातीला नापास करायच्या. घरच्यांविषयी मी कधी विचारलं नाही. फक्त शेवटच्या आजारपणात, त्यांना श्वास घेणं जड जाऊ लागलं तेव्हा, एका दुपारी त्या आपणहून बंटीविषयी बोलल्या.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मॅडम गेल्या. मी तिथंच होते. मनोहरकाकांना मीच फोन केला. शववाहिका मिळायला उशीर लागणार होता, म्हणून काकांनी बंटीला त्याचा पिकअप घेऊन पाठवलं. तो आला, आत जाऊन बराच वेळ त्यांच्या पायांशी बसला, मग दोघातिघांच्या मदतीनं त्यांना गाडीत ठेवलं. मी पुढे त्याच्या शेजारी बसले. बालाघाट येईपर्यंत त्यानं एकदाही हॉर्न वाजवला नाही, कोणाला ओलांडलं नाही. मागून लोक वैतागून हॉर्न वाजवत होते, खिडकीतून डोकं काढून काहीबाही बोलत होते. तो ऐकत नसल्यासारखा चालवत होता.

वारासिवनी मागे पडल्यावर त्यानं विचारलं, "ताई, तू जात होती तिच्याकडे. माझ्याबद्दल काही म्हटलं का तिनं?"

त्याला काय ऐकायचं होतं, ते मला कळत होतं. आत्यानं तुला माफ केलं, शेवटी तुझं नाव घेतलं, असं काहीही सांगता आलं असतं. कोणी पडताळायला येणार नव्हतं. पण मॅडम आमच्या मागेच झोपल्या होत्या, आणि त्यांच्या देखत मला ते जमेना.

"म्हटलं होतं," मी म्हणाले. "म्हणाल्या, पोरानं मारलं ते धुक्यात, दिसलं नाई म्हणून. पण पळाला तो मले पाहून पळाला."

पुढे एक म्हातारा सायकलवर चालला होता. त्याच्या मागे तो बराच वेळ तसाच हळूहळू चालवत राहिला. म्हातारा शेताकडे जाणाऱ्या एका पांदणीला वळला, रस्ता मोकळा झाला, तेव्हा बंटीनं हातानं तोंड पुसलं.

"बरोबर म्हटलं," तो म्हणाला.