छाती म्हणजे नेमकी कोठली?

“इन्व्हेसिव्ह डक्टल कार्सिनोमा,” डॉक्टरबाई म्हणाल्या. म्हणजे दुधाच्या नळीत सुरू होऊन नळीबाहेर पसरलेला कर्करोग. मग त्यांनी तमिळमध्ये सांगितलं, माझ्या डाव्या स्तनात. तो शब्द ऐकताच सासूबाईंनी आधी दाराकडे पाहिलं, बाहेर कोणी ऐकलं की काय म्हणून. रोग त्यांच्या ध्यानात नंतर आला.

बायांनो, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. पिढ्यान्‌पिढ्या तंजावूरात राहिलेल्या आम्हा मराठी माणसांत फार थोड्यांना देवनागरी येते. मीही मोठेपणी शिकले, तेव्हा चुका पोटात घाला.

मी चित्रकार आहे. बायांची शरीरं रंगवते. बाळंतपणानंतरचं सैल पोट, रागाने ताठलेली मान, वाट बघून थकलेले खांदे. सासूबाई माडीवरच्या माझ्या खोलीत पाऊल ठेवत नसत. पाहुण्यांना सांगत, “वर सून देव रंगवते.”

आमच्या घरच्या मराठीत बाईला गळ्यापासून पोटापर्यंत एकच अवयव असतो, छाती. गाठ हाताला लागली तेव्हा मीही तेच म्हटलं, छातीत काहीतरी आहे. जवळच्या दवाखान्यात सासूबाईच पुढे होऊन तमिळमध्ये बोलल्या, “नेंजु वली.” म्हणजे छातीत दुखतंय. आणि नेंजु म्हटलं की तमिळ डॉक्टरला हृदयच दिसतं.

झालं! ईसीजी काढला, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख. मग इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. दोन्ही उत्तम. सासूबाईंनी मारियम्मन देवीला नारळ फोडला. समोर पुरुष डॉक्टर, बाहेर ओळखीची माणसं, आणि भिंतीवर उघड्या बाया टांगणारी मी मुकाट बसून होते. तुम्ही बसू नका. छाती म्हणजे नेमकी कोठली, ते बोट ठेवून सांगा.

गाठ वाढली तेव्हा मोठ्या इस्पितळात गेलो. मॅमोग्राम झाला, म्हणजे स्तनाचा एक्स-रे. बायोप्सी झाली, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणं. बाहेरच्या बाकांवर खेड्यांतून पहिल्या बसने आलेल्या बाया इडलीचे डबे मांडीवर घेऊन बसलेल्या असत. कोणी कोणाला काय झालंय ते विचारत नसे.

“स्तन वाचवता येणार नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “मॅस्टेक्टॉमी करू, म्हणजे पूर्ण काढून टाकू. तुम्ही बऱ्या व्हाल असं मला वाटतं.”

“मग मी रंगवू काय?” मी विचारलं. त्यांना प्रश्न कळला नाही.

मरणाची भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. स्वतःच्या अंगाकडे बघवलं नाही, तर दुसऱ्या बाईचं अंग कोणत्या तोंडाने रंगवायचं?

ऑपरेशन झालं. काखेखाली ड्रेन होता, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी. नर्स पट्टी बदलायची आणि मी छताचा पंखा बघायची. केमोथेरपीत केस गेले. म्हटलं, जा बापडे! घरी आरशावर जुनी साडी टाकली. माडीला कुलूप.

डावा हात वर जात नव्हता, म्हणून सासूबाई आंघोळ घालू लागल्या. पहिल्या दिवशी मी डोळे मिटले. त्यांनी मात्र पाहिलं, वांगं किडकं आहे का बघतात तसं, अगदी जवळून.

“जखम चांगली भरली गे,” त्या म्हणाल्या. “हे येवढंच? मी उगा काय काय मनात आणून जीव खात होते.”

मी डोळे उघडले. एक तिरकी रेघ होती, बाकी सपाट. मग मात्र मी हमसून रडले. त्या पाणी ओतत राहिल्या.

माडी उघडली ती उन्हाळा सरताना. चित्राच्या लाकडी फळीवर मी स्वतःलाच रेखाटलं, कमरेपर्यंत. आमच्या तंजावूर चित्रात खडूची पूड आणि डिंक कालवून उठाव भरतात. इतर लोक देवांचे दागिने भरतात, मी बायांची अंगं भरते. उजवा स्तन भरला. सवयीने हात डावीकडे गेला.

सासूबाई कॉफी घेऊन जिना चढून आल्या होत्या, पहिल्यांदाच. पेला हातातच धरून त्या चित्रापाशी वाकल्या.

“तेथे भरू नको,” त्या म्हणाल्या. “गेलं ते गेलं. तू आहेस, तशी काढ.”

मी हात मागे घेतला. त्या खाली गेल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, “हं, आता चेहरा.”