दुसरी डिस्क

कमरुन्निसा १९८९ साली जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत टायपिस्ट म्हणून लागली. पुढे ऑफिसात कॉम्प्युटर आले, तेव्हा बाकीचे माउसला हात लावायला भीत होते आणि ती मॅन्युअल घरी नेऊन वाचत होती. कपाशीच्या नव्या वाणांवर काम करणारे पुंजाराम सर शेतावरून घामाने भिजलेल्या वह्या आणायचे. त्यांचं अक्षर तिच्याशिवाय कुणाला लागत नसे. कोणत्या झाडाचा कोणत्या झाडाशी संकर केला, बोंडं किती धरली, असं बारा वर्षांचं सगळं तिनेच कॉम्प्युटरमध्ये भरलेलं होतं.

२००१ साली ऑफिसात पाच कॉम्प्युटर होते आणि फाइली फ्लॉपीवरून इकडून तिकडे जायच्या. एकदा जुनीच फाइल तपासणीला गेली आणि एका वाणाची मंजुरी वर्षभर अडकली. तेव्हा मालक रामकिसन साहेबांनी तिला बोलावलं. "सगळ्या फाइली एका जागी ठेवायचं मशीन घ्यायचंय. काय घ्यायचं ते तुम्हीच बघा."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी तिला 'तुम्हीच बघा' म्हटलं होतं. तीन रविवार ती एसटीने औरंगाबादला जाऊन दुकानं हिंडली. मासिकासोबत आलेल्या सीडीवरून एका अडगळीतल्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स चढवलं, फाइली सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून त्यात सांबा नावाचा प्रोग्राम बसवला आणि पाचही मशीनवरून एकच फाइल उघडून पाहिली. मग तीन पानांची यादी केली. मशीन साधं चालेल, पण हार्डडिस्क दोन हव्यात, म्हणजे एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप उमटेल. आणि यूपीएस हवाच, कारण लाइटीचा भरवसा नव्हता.

साहेबांनी यादी वाचली. "हे लिनक्स कुठल्या कंपनीचं?"

"कुठल्याच कंपनीचं न्हाई साहेब, मोफत हाय."

"मोफत मिळणाऱ्या वस्तूवर मी माझं बियाणं ठेवू?"

पंधरा दिवसांनी साहेबांच्या मेहुण्याच्या दुकानातून मशीन आलं. आत चोरीच्या सीडीवरून टाकलेलं विंडोज, एकच मोठी डिस्क. यूपीएस नव्हता. सतरा इंची मॉनिटर मात्र होता, आणि स्पीकर होते. फाइली सांभाळायच्या मशीनला स्पीकर कशाला, हे तिने विचारलं नाही. दुसऱ्या डिस्कचं तेवढं विचारलं.

"एक हाय ना," मेहुणा म्हणाला. "ती भरू द्या आधी, मंग दुसरी बसवू."

तेव्हापासून दर शनिवारी ती ऑफिसातल्या आपल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून सगळ्या फाइलींची सीडी काढू लागली. मशीनशेजारीच ठेवली तर आग लागल्यावर दोन्ही जातील, म्हणून पुंजाराम सरांना विचारलं.

"घरी न्या बाई," ते म्हणाले. "तुमच्याकडं बराबर राहील."

२००३च्या मे महिन्यात एका दुपारी पाच वेळा लाइट गेली. पाचव्यांदा आली तेव्हा मशीनमधून टकटक आवाज येऊ लागला आणि पडदा काळाच राहिला. मेहुण्याने डिस्क नेली, चार दिवसांनी परत आणली. त्यातलं काहीच निघालं नव्हतं. पुंजाराम सर खुर्चीत डोकं धरून बसले.

कमरुन्निसाने घरून सीडी आणली. दोन दिवसांत सगळं पुन्हा उभं राहिलं. गेलं ते फक्त शेवटच्या तीन दिवसांचं काम. ऑफिसात पेढे वाटले. तिला वाटलं, आता तरी दुसरी डिस्क येईल.

सोमवारी साहेबांनी तिला आत बोलावलं. पुंजाराम सर आधीच उभे होते.

"ही सीडी तुमच्या घरी कशी गेली?"

"सरांना विचारून नेलती साहेब. दर शनिवारी नेत होते."

"आपल्या वाणांचं मूळ हाय त्याच्यात. दुसऱ्या कंपनीनं लाखानं घेतलं असतं." साहेब सरांकडे वळले. "तुम्ही सांगितलं होतं?"

सर जमिनीकडे बघत म्हणाले, "मला आठवत न्हाई."

कमरुन्निसा त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांनी मान वर केली नाही. चोरीचा आळ कुणी उघड घेतला नाही. फक्त राजीनामा मागितला. टाइप तिनेच केला, कारण ऑफिसात तेवढं चोख इंग्रजी दुसऱ्या कुणाला येत नव्हतं.

वर्षभराने कादराबादच्या बाजारात पुंजाराम सर भेटले. "रिटायर व्हायला दोनच वर्षं राह्यलती, बाई," ते आपणहून म्हणाले.

"माझी सतरा राह्यलती, सर," ती म्हणाली आणि भाजीच्या गाड्याकडे वळली.

आता ती कोर्टाजवळ एका खोलीत अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करून देते. कागद हातात दिला की फाइल लगेच पुसून टाकते. महिन्याभराने कुणी येतं, म्हणतं, "बाई, मागचा अर्ज हरवला, तुमच्याकडं असंल ना?"

"न्हाई," ती म्हणते. "मी कुणाचं काही ठेवत न्हाई."

लोक कुरकुरतात. ती कोरी फाइल उघडते आणि पहिल्यापासून मजकूर विचारायला लागते.