तुळसा गोताडच्या हातचा आंबा

तुळसा गोताड आमच्या कॅनिंगच्या कारखान्यात चौतीस हंगाम आढीवर होती. आढी म्हणजे भाताच्या पेंढ्यात पिकत घातलेला आंबा. पेंढा सारायचा, आंबा उचलायचा, देठाशी हुंगायचा आणि सांगायचं: आजचा, उद्याचा, परवाचा. आजचा तो दुपारी चारच्या पाळीला कापायला जाई, बाकीचे परत पेंढ्यात. ऐकायला सोपं वाटतं. दिवसाला दोन हजार आंबे हुंगून बघा, मग बोला. त्यातला एक उतरलेला निघाला आणि रसात गेला, की अख्खी बॅच आंबूस.

मी तिथल्या प्रयोगशाळेत. प्रयोगशाळा कसली, एक खोली, एक बेसिन आणि माझी जुनी बी.एस्सी. वय बहात्तर झालं तरी मालक सोडत नाहीत, कारण माझ्या पगारात दुसरं कोणी यायला तयार नाही. रसाची गोडी आणि आंबटपणा मोजून रजिस्टरात लिहायचा, हे माझं काम. तुळसाचं नाक एक म्हणालं आणि माझं यंत्र दुसरं, तर मी यंत्र तपासून घ्यायची. तिला हे ठाऊक होतं, आणि तिची मान त्यामुळे जराशी ताठच असे. असेना. बाकी तिला मिरवायला होतं काय? नवरा लवकर गेला, मुलगा मुंबईला, गणपतीत चार दिवस दिसतो. गावात लोक तिला ओळखत ते नाकावरून.

करोनात तिला ताप येऊन गेला. त्यानंतरच्या हंगामात माझे आकडे नाचायला लागले. आज गोड, उद्या आंबट, परवा भलतंच. तिसऱ्या दिवशी मी आढीवर जाऊन उभी राहिले. ती हुंगत होती, पण हुंगून झाल्यावर अंगठ्याने दाबत होती. आंबा दाबणाऱ्या पोरींच्या हातावर फटका मारणारी बाई ही. मी समजले.

तिथेच बोलायला हवं होतं. मला सगळे फटकळ म्हणतात, आणि नेमकी तेव्हा मी गप्प बसले. वाटलं, तापात गेलेला वास लोकांना परत येतो, हिलाही येईल पावसापर्यंत. मी फरीदाला बोलावलं. फरीदा मिरकरवाड्याची, चारच्या पाळीच्या बायकांची मुकादम, तुळसाला मावशी म्हणणारी. तिला सांगितलं, तुळसा पावणेतीनच्या गाडीने घरी जाते. तुम्ही तीनला या, तिने निवडलेला सगळा आंबा पुन्हा निवडा आणि तोंड बंद ठेवा. फरीदाने एकही प्रश्न विचारला नाही. तो हंगाम गेला, दुसरा गेला. असे चार गेले. एकोणीस बायका रोज तासभर आधी येत राहिल्या. वास काही आला नाही.

या मे महिन्याच्या शेवटी तुळसा साठ पुरी करून निघाली. निरोपाच्या आधी दोन दिवस ती माझ्या खोलीत आली आणि दार लावून घेतलं.

“मना वास येत नाय, बाई. चार वर्सा झाली. कुनाला ठावं नाय.”

मी चेहरा आश्चर्याचा केला. आता आठवलं की माझी मलाच किळस येते. ती म्हणाली, मालकांना सांगून निरोप रद्द करा, शाल नको, नारळ नको, पण आंबे वाटायला लावू नका. तिची भीती बरोबर होती. आमच्याकडे आढीवरची बाई जाते तेव्हा ती प्रत्येकीला स्वतः निवडून एकेक आंबा देते. सगळ्यांनी एकदम कापायचा, खायचा आणि सांगायचं, आजचा की उद्याचा. ती थट्टेची वेळ असते. आढीवरचीच हौसा काम सोडून निघाली तेव्हा निम्म्या बायकांनी ‘परवाचा, परवाचा’ करून तिला रडवेपर्यंत पिडलं होतं, आणि हौसाने त्यांना उलट शिव्या घातल्या होत्या.

निरोप चुकवला तर लोक कारण विचारतील, मी बघते काय ते, असं सांगून मी तुळसाला धाडलं. आणि फरीदाला बजावलं, काहीही निघो, सगळ्यांनी ‘आजचा’ म्हणायचं.

निरोपाच्या दिवशी तुळसा पावणेतीनची गाडी सोडून थांबली. रितेश, आमचे धाकटे मालक, तिच्या खांद्यावर शाल घालून फोनवर बोलत बाहेर गेले. तुळसाने आंबे वाटले. प्रत्येक आंबा नाकाशी नेला, मग दिला. मला दिलेला उतरलेला होता, जिभेला चावत होता. फरीदाच्या पाळीतल्या दीपालीचा तर कच्चा, ती कराकरा चावत होती आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. फरीदाने सुरुवात केली, आजचा. पुढचीने म्हटलं, आजचा. ओळीने सगळ्या तेच म्हणाल्या.

एकोणीस नमुन्यांचा आकडा एकच आला, तर मी तपासणी बाद करते. ही अक्कल मला रोज होती, त्या दिवशी नव्हती. आणि तुळसा असल्या निरोपांना चौतीस वर्षं उभी राहिलेली. एकही बाई हसली नाही, एकीनेही चिडवलं नाही, एवढं तिला पुरे झालं.

तिने फरीदाला विचारलं, कधीपासून. फरीदा खाली बघत म्हणाली, “पहिल्या सालापासून, मावशी.” मग दीपालीला राहवलं नाही. रोज तीनला येऊन सगळ्या काय करत होतो ते तिने सांगून टाकलं, वर म्हणाली, तुमच्यासाठीच केलं. तिला वाटलं, मावशीला बरं वाटेल.

तुळसा माझ्याकडे वळली.

“बाई, तुमी तरी खोटा बोलू नका. चार वर्सात माज्या हातचा एक तरी आंबा डब्यात गेला काय?”

बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. खरं सांगायचं तर तिचे बरेच आंबे बरोबरच निघत, अंगठ्याला तेवढं कळतंच. पण निवडलेले ते फरीदाच्या नाकाने. मी म्हटलं, “तुझ्या निवडीवर नाही, तुळसा. मीच पुन्हा निवडायला लावत होते.”

“मंग ही शाल कसली?” असं विचारून तिने शाल उतरवली, घडी केली, पेंढ्यावर ठेवली आणि ती निघाली. फरीदा मागून रस्त्यापर्यंत गेली, तिला तुळसाने हाताने परत पाठवलं. पुढची गाडी साडेचारला. तोवर ती उन्हात थांब्यावर बसून होती, आम्हाला फाटकातून दिसत होती. कोणाचा पाय पुढे झाला नाही. माझाही नाही.

पहिल्याच वर्षी तोंडावर सांगितलं असतं, तर दोन दिवस रडली असती, मला बोलली असती आणि डबे धुवायच्या कामावर गेली असती. धुतलेला डबा निदान तिचा झाला असता. दया मी केली आणि चार वर्षं तिची गेली. जुलैत तिच्या घरी जाऊन आले. चहा दिला, प्रत्येकीचं नाव घेऊन विचारपूस केली. निघताना म्हणाली, पुन्हा एवढ्या लांब कशाला येता, बाई.

मी गेलेले नाही.