विकलेल्या चर्चचे सेक्रेटरी

त्या दगडी इमारतीवरून जाताना काका थांबायचे, हातमोजा काढायचे आणि भिंतीला तळहात लावायचे. पोराचा ताप बघावा तसा. तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हालाही वाटलं असतं, म्हातारा जरा हललेला दिसतो. आधी मलाही तसंच वाटलं होतं.

काका मूळचे नगरचे, मराठी ख्रिस्ती. जर्सी सिटीत इंजिनिअर म्हणून नोकरी करून रिटायर झालेले. २००३ साली मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला आलो, तेव्हा ती इमारत चर्च होती आणि काका तिचे सेक्रेटरी. छत गळायचं. रविवारी जेमतेम चौदा डोकी जमायची. शेवटी ती एका ज्यू मंडळीला विकायचं ठरलं.

काकूंना तेव्हा कॅन्सर होता. डॉक्टरांनी आशा सोडलेली. त्या एवढंच म्हणाल्या, "मला आपल्या चर्चमधूनच न्या. मग काय ते विका."

काकांनी ठरल्या दिवशी कागदांवर सही केली. तीन आठवड्यांनी काकू गेल्या. अंत्यविधीची प्रार्थना फ्युनरल होमच्या हॉलमध्ये झाली.

चर्चचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ झालं. शिखरावरचा क्रूस उतरला, बाकं तीच राहिली. प्रभुभोजनाच्या द्राक्षरसाचे छोटे पेले ठेवायला बाकांच्या पाठीला गोल भोकं होती. आता लहान मुलं त्यांत बोटं घालून बसायची. जुना बॉयलर मात्र फक्त काकांनाच कळायचा. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा पवित्र दिवस, त्या दिवशी ते लोक यंत्राला हात लावत नसत, म्हणून काका तळघरात जायचे.

"काका, या वयात कशाला?"

"सही माझी आहे." कुठल्याही प्रश्नाला त्यांचं हेच उत्तर.

एका शनिवारी मीही काकांसोबत गेलो होतो, तेव्हा सिनेगॉगचे म्हातारे धर्मगुरू तळघराच्या जिन्यापाशी आभार मानायला आले. बोलता बोलता काकांनी काकूंची इच्छा पहिल्यांदाच सांगितली.

"तुम्ही विचारलं असतं, तर आम्ही थांबलो असतो," धर्मगुरू म्हणाले. "आम्हाला कसली घाई होती?"

काका जिना उतरले. मी मागे गेलो, तर बॉयलरपाशी उलट्या बादलीवर बसलेले.

"मी विचारलंच नाही रे. लाज वाटली. परक्यांपुढे बायकोच्या मरणाचा विषय कसा काढायचा?"

पुढच्या हिवाळ्यात काका न्यूमोनियाने गेले. डॅलसहून मुलगा आला. "विच चर्च डू आय कॉल?" त्याने मला विचारलं. काका नंतर दुसऱ्या कुठल्याच चर्चमध्ये गेले नव्हते. मी सरळ धर्मगुरूंकडे गेलो आणि विचारलं.

"शवपेटी आत आणता येत नाही. आमच्यात तसा रिवाज नाही," ते म्हणाले. "पण शवपेटीची गाडी दारासमोर थांबवा."

गाडी थांबली. सिनेगॉगचे दोन्ही दरवाजे उघडले गेले. काळे कोट घातलेली दहा-बारा माणसं फुटपाथवरच्या बर्फात येऊन उभी राहिली. मागची बस हॉर्न द्यायला लागली, तशी गाडी हलली. धर्मगुरू तिच्यामागून चालू लागले. कोपऱ्यापर्यंत गेले. पुढे सिग्नल हिरवा होता.