सेन्सॉरने कापलेली बाई

नातीने मोबाइलवर तो जुना विलायती डिस्को-सिनेमा लावून दिला. गाजलेल्या कादंबरीवरचा, दुसरा भाग. तरुणपणी थिएटरात पाहिला, तेव्हा सेन्सॉरने इतका कापला होता, की नायिका नुसती खोलीत शिरायची आणि बाहेर यायची. मधलं सगळं मी बावळट वर्षानुवर्षं मनात रंगवत राहिले, पोळ्या करपवत.

आज ते मधलं दिसलं. नवऱ्याने सोडलेली ती बाई आपला डिस्को क्लब बुडू नये म्हणून रोज नटून, हसून नाचत होती. नाच संपला की खोलीत येऊन उंच टाचांचे बूट काढायची, पावलं चोळायची. मेल्यांनी तेही कापलं होतं!

“आजी, लाजलीस की काय?”

“लाजतेय कसली! दमलीय गं ती. थांबव जरा सिनेमा, बसू दे तिला.”