नव्या टेबलांचं म्हातारपण

सकाळपासून धुकं असं दाट की कारखान्याच्या अंगणातून समोरची भिंत दिसेना. असल्या ओल्या हवेत सरस वाळत नाही, पॉलिश धरत नाही, म्हणून मिस्त्रीने झोडपण्याचं काम काढलं. रंधा मारून लोण्यासारखं केलेलं नवंकोरं टेबल पुढ्यात घ्यायचं आणि लोखंडी साखळीने बदडायचं. मग टोच्याने किड्याची भोकं पाडायची, कोपरे कानशीने झिजवायचे, वरून चहाचं काळं पाणी ओतायचं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत टेबल कुणाच्या तरी पणजोबांचं होऊन जायचं.

ही थेरं मिस्त्रीच्या आयुष्यात आली ती उशिरा. बापाच्या हाताखाली तो दारं, पलंग, कपाटं करायला शिकला आणि गल्लीतली निम्मी घरं त्याच्याच कपाटांत कपडे ठेवत. मग गावाबाहेर ते भलंमोठं दुकान उघडलं. समुद्रापलीकडून चपट्या खोक्यांत भुसा दाबून केलेल्या फळ्या आल्या, सोबत एक वाकडी चावी आणि चित्रांचा कागद. एका कडीवरून मिस्त्रीशी तासभर हुज्जत घालणारे शेजारी आता सुट्टीच्या दिवशी फरशीवर फतकल मारून कपाटं जोडू लागले. शेवटी एक स्क्रू उरायचा, कपाट डुलायचं आणि मग यांना मिस्त्रीची आठवण व्हायची. त्याचा जावई त्याच दुकानात नोकरीला. “मामा, टोपी घाला, गणवेश घाला, आमच्याकडे जोडणीला या,” असं तो जेवायला आला की ऐकवायचा. मिस्त्री भरल्या पानावरून उठायचा तेवढा बाकी राहायचा.

तेवढ्यात परदेशात माल पाठवणारा एजंट उगवला. त्याने सांगितलं ते ऐकून मिस्त्रीला वाटलं, माणूस पिऊन आलाय. ज्यांनी ही खोकी जगभर पाठवली, तीच माणसं म्हणे खोक्यांना कंटाळली होती. त्यांना जुनी, भरीव लाकडाची टेबलं हवी होती. जुनी संपली, तेव्हा नवी जुनी करून हवी होती. लाकूड तिसऱ्याच देशातून यायचं. झाड एकाचं, घाम दुसऱ्याचा, बैठकीतली ऐट तिसऱ्याची आणि म्हातारपण सगळ्यांना मिळून खोटं. मिस्त्री हसला आणि हो म्हणाला. नाहीतर ती टोपी होतीच.

आज एजंट नमुना बघायला येणार होता. पसंत पडला तर वर्षभराचं काम, नाहीतर कारखान्याला कुलूप. नमुन्याचं टेबल मिस्त्रीने कालच झोडपून मागच्या खोलीत ठेवलं होतं.

त्या खोलीच्या मागच्या दाराने आज त्याचा मेव्हणा आला. पॉलिशवाला. गल्लीत त्याला आरसा म्हणत, कारण त्याने घासलेल्या फळीत बघून लोक भांग पाडत. मोतीबिंदू काढून तो बरेच दिवस घरी बसला होता. या नव्या धंद्याचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. बाहेरचा खणखणाट ऐकून त्याला वाटलं, दाजी कुणाचं तरी फाटक सरळ करतायत. नव्या डोळ्यांनी त्याने टेबल पाहिलं आणि ओळखलं. आपण नाही तोवर दाजींच्या गळ्यात कुणीतरी किडकं लाकूड मारलं. आता गिऱ्हाईक बघेल तर अब्रू जाईल. त्याने एकेक भोक लाखेने भरलं, वळ घासले, कोपरे सरळ केले, हवा ओली म्हणून नुसत्या मेणाने टेबल चकचकीत केलं आणि समाधानाने विडी पेटवली.

एजंट आला तो मोबाइल समोर धरूनच. त्यात परदेशातली बाई होती. टेबल बघून तिचं तोंड आंबट झालं.

“काय म्हणतात?” मिस्त्रीने विचारलं.

“म्हणतायत, हा कारखान्यातला माल आहे. मशिनचा. यात माणसाचा हात दिसत नाही.”

आरशाच्या तोंडातली विडी खाली पडली.

“माणूस हा काय उभा आहे,” मिस्त्री म्हणाला. “हात बघा म्हणावं त्याचे.”

“विनोद नको, मिस्त्री. तासाभरात भोकं पाडा. दुसऱ्या देशात भोकं पाडायचं मशिन आलंय, तिथले लोक थांबलेत या कामासाठी.”

एजंट गाडीत जाऊन बसला. मिस्त्रीने टोच्या उचलला, तसा आरसा टेबलाला पाठ लावून उभा राहिला.

“दाजी, यावर घाव घातलात तर मी उद्यापासून येत नाही. ताईला तुम्हीच सांगा मग.”

“आणि नाही घातला तर उद्या यायला कारखाना कुठाय? दोघं टोपी घालून जावयाच्या हाताखाली चाव्या फिरवू. तुझं डोकं मोठं, टोपी बसायची नाही.”

आरसा टेबलाला आणखी चिकटला. मिस्त्री टेबलाभोवती एक फेरी मारून आला. मग त्याने आरशाला बाजूला सारलं, टेबल उचलायला लावलं आणि उलटं करून जमिनीवर ठेवलं. खालची बाजू खरबरीत होती, कुणी हात न लावलेली.

“वरची बाजू त्यांची,” तो म्हणाला. “ही तुझी. दर टेबलाची. हवी तेवढी घास.”

“खाली कोण बघणार आहे?”

“वर तरी कोण बघतंय? ती बाई भोकं बघते.”

आरशाने त्या फळीवरून तळहात फिरवला. मग म्हणाला, “खालच्या बाजूला घासकागद आधी जाड लागेल. आणि तुम्ही मारत असाल तेव्हा मी इथे थांबणार नाही.”

तो अंगणात गेला. मिस्त्रीने टेबल सुलटं केलं आणि मेव्हण्याच्या कामाची वाट लावली. लाख इतकी पक्की बसली होती की जुनी भोकं उघडेनात. शेजारी नवी पाडावी लागली. तासाभराने एजंटच्या मोबाइलमधून बाईने पुन्हा पाहिलं आणि छातीवर हात ठेवला.

“त्यांना आजीच्या घरची आठवण झाली,” एजंटने सांगितलं.

“आजीला साखळीने मारायचे काय?”

एजंटने हे पुढे कळवलं नाही. काम मिळालं. गाडी गेल्यावर मिस्त्रीने हाक मारून आरशाला आत बोलावलं, जाड घासकागद त्याच्या हातात दिला आणि स्वतः करवतीच्या बोथट झालेल्या दातांना कानशीने धार लावत बसला.