मावशीचे दोन ग्लास

माझी मावशी कुणाचं वाईट चिंतत नाही, असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. औषध कारखान्याच्या मॅनेजरचं ती चार वर्षं न चुकता चिंतत होती. आणि खरं सांगू? मला ते ऐकायला गोड वाटायचं.

त्याच कारखान्याच्या लॅबमध्ये तिने एकोणीस वर्षं बाटल्या धुतल्या. मग तिच्या विहिरीत दुखण्यावरच्या गोळ्यांचं औषध सापडलं आणि विहिरीला सील लागलं. जाब विचारायला गेली, तर मॅनेजर म्हणाला, "बाटल्या धुणाऱ्या बाईने मला पाणी शिकवू नये." नोकरीही गेली. वर त्याने सरकारी अधिकाऱ्यांना लेखी कळवलं, की आमचं सांडपाणी निर्धोक आहे, आणि असलं औषध पाण्यातून काढणं कुणालाच शक्य नाही. चोराच्या उलट्या बोंबा!

लाकूड कुजवणारी बुरशी औषधही फस्त करते, हे मावशीने लॅबमध्येच ऐकलेलं. अळिंबी पिकवणाऱ्या शेजारणीकडून तिने बुरशी धरलेला पेंढा आणला, पिंपात दाबून भरला आणि कारखान्याच्या सांडपाण्याच्या नळातून वाहणारं पाणी त्यातून थेंबथेंब सोडलं. लॅबमधल्या जुन्या मैत्रिणीने तपासलं. औषध जसंच्या तसं.

चूक मावशीचीच होती. लाडाने ती पिंपात रोज मूठभर कोंडा टाकायची. बुरशी खाऊन सुस्त, औषधाकडे ढुंकूनही बघेना.

"मेली माझ्यासारखी उपाशी राहू दे, मग काम करेल," मावशी म्हणाली आणि कोंडा बंद केला. तिसऱ्या महिन्यात औषध नावापुरतं उरलं.

विहिरीच्या सुनावणीला ती दोन ग्लास घेऊन गेली. एकात कारखान्याच्या त्याच नळाचं पाणी, दुसऱ्यात तेच पिंपातून उतरवून उकळलेलं. पिंपाच्या ग्लासातलं अर्धं ती स्वतः प्यायली.

"साहेब, नळाचं तुमच्या मते निर्धोक. पिंपातून उतरवलं तरी औषध तुमच्या मते निघतच नाही. म्हणजे दोन्ही सारखीच. कुठलं घेता?"

मॅनेजर हसला. अधिकारी हसले नाहीत. "घ्या की," ते म्हणाले.

त्याचा हात नळाच्या ग्लासाकडे गेला, थांबला, आणि मावशीच्या उष्ट्या ग्लासाकडे वळला. अधिकाऱ्यांनी तेवढंच लिहून घेतलं.

महिन्याभरात कारखान्याच्या खर्चाने विहिरीवर तशीच सहा पिंपं बसली. पाणी तपासून अधिकाऱ्यांनी सील काढलं, तेव्हा मॅनेजरलाही हजर राहावं लागलं. मावशीने त्याला बाटलीभर पाणी दिलं.

"पिऊन झालं की बाटली धुऊन ठेवा," ती म्हणाली. "मी आता धूत नाही."